दुसऱ्या पारड्याचे गणित

पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंचा प्रस्तार आहे, तेव्हा संगणक मुळात आपलाच, असे व्यासपीठांवरून बिनदिक्कत सांगितले जाते. यात पिंगलावरच अन्याय होतो. वृत्तांची यादी करून तिच्यातले नेमके स्थान काढण्याचे त्याचे काम ‘दोनचा पाया’ एवढ्यावरच आटोपले जाते. पाया निवडण्यात मोठे कर्तृत्व नाही. प्रत्येक संख्या मांडता यावी आणि एकाच रीतीने मांडता यावी, हे साधण्यात ते आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या देवगिरीत तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त स्वरांच्या मांडणीचा क्रमांक १, २, ६, २४ अशा क्रमगुणितांच्या पटींतून काढला. तिथे ठरावीक पायाच नाही, तरी प्रत्येक क्रमांकाची मांडणी एकमेव आहे.

तीनच्या पायाबाबतचा गैरसमज याहून खोल आहे. मणाचा, म्हणजे चाळीस शेरांचा दगड फुटून चार तुकडे झाले आणि त्यांनी एक ते चाळीस शेरांपर्यंतचे कोणतेही पूर्ण शेरांचे वजन करता येऊ लागले, तर तुकडे किती शेरांचे? उत्तर १, ३, ९, २७. अशा वजनांचा प्रश्न फिबोनाचीने १२०२मध्ये घेतला, बाशेने १६१२मध्ये. उत्तर ऐकणारा बहुधा समजतो, की दोनऐवजी तीन घेतल्याने वजने वाचली. तसे मुळीच नाही. साध्या त्रिमान पद्धतीत अंक ०, १, २. म्हणजे प्रत्येक वजन दोनदा हवे. ८० शेरांपर्यंत जायला आठ वजने लागतात. दोनच्या पायाने सात वजनांतच १२७ गाठता येतात. बचत होते ती दुसऱ्या पारड्यामुळे. २५ शेर धान्य मोजायचे तर २७ आणि १ एका बाजूला, ३ धान्याच्या बाजूला. प्रत्येक वजन या पारड्यात, त्या पारड्यात किंवा खाली. चार वजनांच्या मांडण्या ८१. एक शून्याची, उरलेल्या ८० एकमेकींच्या उलट, म्हणून चाळीसच्या पलीकडे जाता येत नाही आणि एकही मांडणी वाया जात नाही. शिवाय तीनचे सगळे घात विषम असल्यामुळे संख्या सम की विषम, हे वापरलेली वजने मोजूनच कळते: २५ला तीन लागली, म्हणून विषम.

कोणी म्हणेल, ब्रह्मगुप्ताने ६२८मध्येच ऋण संख्यांचे नियम दिले होते आणि भांड्याचा धडा करणाऱ्या, म्हणजे रिकाम्या भांड्याचे वजन आधीच तोलून घेणाऱ्या तेल्यालाही वजाबाकी कळत होती. मग ही पद्धतही आपलीच नाही का? ऋण राशी मान्य करणे वेगळे आणि धन संख्या लिहिताना तिच्या पोटात ऋण अंक बसवणे वेगळे. दोन्ही साहित्य घरात असले म्हणून पदार्थ झाला असे होत नाही. मग इतकी नेटकी रीत मोंढ्यात का रुजली नाही? ते अज्ञान नव्हते. धान्याच्या पारड्यात वजन दिसले की गिऱ्हाइकाला वजाबाकी करावी लागते आणि विश्वास डळमळतो. शेर, अर्धा शेर, पावशेर हे अर्ध्याअर्ध्याने उतरणारे माप डोळ्यांना पटते. व्यवहाराने योग्य तेच निवडले. ही रीत पुढे यंत्रात मात्र उतरली. ऋण एक, शून्य आणि एक या तीन अंकांवर चालणारा ‘सेतुन’ संगणक १९५८मध्ये मॉस्को विद्यापीठात निकोलाय ब्रुसेंत्सोव्ह यांनी उभा केला; त्याचे श्रेय त्यांचेच आहे.