हजेरीपटाबाहेरची बेकारी

नोकरी गेलेला कामगार आणि नवऱ्याच्या कमाईचा आधार तुटलेली गृहिणी यांची गाठ आपल्या सरकारी कागदांत पडत नाही. तो कामगार खात्याचा विषय, ती महिला व बालविकास खात्याचा. त्याच्या वाट्याला नुकसानभरपाई, तिच्या वाट्याला शिलाई मशीन. मुंबईच्या गिरणगावात मात्र ही दोघे एकाच खोलीत राहत होती आणि त्यांची बेकारी एकाच संपातून आली होती. ती एकत्र न पाहिल्यामुळे पुनर्वसनाच्या योजना किती तोकड्या पडतात, हे समजून घ्यायला गिरणगावासारखे दुसरे उदाहरण नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कित्येक जण गावी गेले, काहींना गिरणीने परत घेतले, उरलेल्यांनी भाजीची गाडी लावली किंवा वॉचमनची नोकरी धरली. केंद्र सरकारने १९८६ मध्ये कापड गिरणी कामगारांसाठी पुनर्वसन निधी सुरू केला. कायमच्या बंद पडलेल्या खासगी गिरण्यांतल्या कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत, अशी ती योजना होती. तीन वर्षांत माणूस दुसऱ्या कामात स्थिरावेल, तोवर त्याच्या घरात चूल पेटती राहावी, हा विचार योग्यच होता. पण गिरणी कायमची बंद झालेली हवी आणि कामगार तिथे सलग पाच वर्षे लागलेला हवा, अशा अटी होत्या. रोज सकाळी गेटवर उभे राहून दुसऱ्याच्या गैरहजेरीत काम मिळवणारा बदली कामगार यात कसा बसणार? गिरणी कागदावर चालू आणि आत साचे थंड, अशा अवस्थेत ज्यांची वर्षे गेली, त्यांनी कुणाकडे जायचे? पुढे १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला. कामगारांना नवे कौशल्य शिकवून दुसरीकडे काम मिळवून देणे हा त्याचा एक जाहीर हेतू होता. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक पैसा सार्वजनिक उद्योगांच्या स्वेच्छानिवृत्तीवर गेला. शिकवण्याचा भाग नावापुरता राहिला.

या सगळ्या योजनांचा आरंभ हजेरीपटापासून होतो. पटावर नाव असेल तर माणूस बेकार ठरतो. नसेल तर त्याचे काहीच गेलेले नसते. या हिशेबातून बायका फार आधीच बाहेर पडल्या होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे जवळपास एक बाई होती, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. यंत्रे बदलली, कामाची फेररचना झाली, रात्रपाळीची बंदी आणि बाळंतपणाच्या भत्त्याचा खर्च ही कारणे मालकांना मिळाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत बायकांची संख्या नगण्य झाली. त्या घरी परतल्या असे गृहीत धरले गेले आणि विषय संपला.

पण त्या घरी नुसत्या बसून नव्हत्या. कोकणातून आणि घाटावरून आलेले, कुटुंब गावी ठेवून गाळ्यात दाटीवाटीने राहणारे हजारो कामगार जेवत होते ते गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांच्या हातचे. एका खोलीत संसार सांभाळून पंधरा-वीस माणसांचे दोन वेळचे जेवण, तेही पाळीच्या वेळा सांभाळून. वाण्याकडून उधारीवर धान्य घ्यायचे, कामगारांचे पैसे पगाराच्या दिवशी येणार, मधल्या दिवसांसाठी सावकाराचे व्याज भरायचे. खरेदी, हिशेब, उधारी-वसुली, वेळेचे गणित, गिऱ्हाईकाची मर्जी हे सगळे त्या एकट्याच पेलत. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि गिरणगावात कामगार चळवळीत रुजलेल्या प्रेमा पुरव यांना हे दिसले. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते या बायकांना सावकारापासून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. त्यांच्याकडे गहाण टाकायला काही नव्हते. एकमेकींची हमी हेच तारण ठरले.

संप झाला तेव्हा पहिला घास तुटला तो या बायकांचा. जेवणारा गावी गेला, राहिला त्याच्याकडे पैसे नाहीत, आणि वर्षानुवर्षे ज्याला जेवू घातले त्याला दारातून परत पाठवणे अनेकींना जमले नाही. गिऱ्हाईक गेले, उधारी बुडाली आणि अनेकींच्या स्वतःच्या घरातला पगारही थांबला. एका संपात हे दुहेरी नुकसान झाले आणि त्यातले एकही कुठल्या फॉर्मवर लिहिण्याची सोय नव्हती. अन्नपूर्णाने या बायकांच्या स्वयंपाकाला नवे गिऱ्हाईक शोधून दिले, सामूहिक स्वयंपाकघरे चालवली, कार्यालयांना जेवण पुरवले. मला यातले सर्वांत मोलाचे वाटते ते हे की तिथे कुणी या बायकांना नवीन धंदा शिकवायला गेले नाही. त्यांना जे येत होते त्यालाच भांडवल, जागा आणि बाजार मिळाला.

हाच विचार १९७० च्या दशकात अमेरिकेत कायद्यात उतरत होता. कॅलिफोर्नियातल्या टिश सॉमर्स आणि लॉरी शील्ड्स यांनी अशा स्त्रियांसाठी मोहीम चालवली, ज्यांनी वीस-तीस वर्षे घर सांभाळले आणि घटस्फोटाने किंवा वैधव्याने ज्या अचानक उत्पन्नाविना राहिल्या. नोकरी केलेली नाही म्हणून बेकार भत्ता नाही, वय झालेले नाही म्हणून पेन्शन नाही, मुले मोठी झाली म्हणून कुटुंब-मदत नाही. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने त्यांच्यासाठी कायदा केला आणि त्यानंतर ओकलंडला पहिले केंद्र उघडले. अशा केंद्रांवर नोकरीच्या अर्जाची तयारी सुरू होई ती त्या स्त्रीने आजवर काय काय सांभाळले, हे विचारण्यापासून. आज तिथल्या केंद्रीय रोजगार-प्रशिक्षण कायद्यात नोकरी गेलेल्या कामगाराच्या व्याख्येतच अशी गृहिणी समाविष्ट आहे. पैसा तिथेही पुरत नाही. आयातीमुळे नोकरी गेलेल्यांसाठी १९६२ पासून चाललेली मदत २०२२ मध्ये नव्या अर्जांसाठी थांबली. पण घरकाम करणारी व्यक्तीही बेकार होऊ शकते, हे तिथल्या कायद्याने मान्य केले आहे. आपल्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि ते करणारे पुरुष ९७, हे नोंदले गेले. एवढे मोजूनही ते काम आपण अनुभव म्हणून कुठे धरत नाही.

प्रशिक्षणाच्या वर्गांकडे पाहिले की हे लख्ख कळते. चाळिशी उलटलेल्या बाईला तीन महिन्यांचा शिवणवर्ग, पन्नाशीच्या साळखात्यातल्या माणसाला संगणकाची ओळख, शेवटी प्रमाणपत्र. त्या तीन महिन्यांत घरभाडे कोण देणार, लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेली सासू कुणाच्या भरवशावर सोडायची आणि वर्ग संपल्यावर काम कोण देणार, यांची उत्तरे वर्गाच्या वेळापत्रकात नसतात. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने एक उत्तर दिले होते. गिरणीच्या जमिनीवर जे नवे उभे राहील तिथे कामगाराला किंवा त्याच्या घरातल्या एकाला अग्रक्रमाने नोकरी द्यावी आणि त्यासाठी भरतीपूर्वी प्रशिक्षणही मालकाने द्यावे, अशी तरतूद त्यात होती. ‘घरातल्या एकाला’ म्हणजे बायकोला किंवा मुलीलाही. इतके शहाणे वाक्य आपल्या पुनर्वसनाच्या कायद्यांत क्वचितच सापडते. पण जिथे गिरण्या होत्या तिथे आज मॉल आणि मनोरे उभे आहेत आणि त्यांच्या नोकऱ्या या वाक्याच्या आधारे मागण्यासाठी कामगार संघटनांना झगडावे लागले.

आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचे वेतन भरायचे आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचे. पंधरा दिवसांच्या पैशात कोणते कौशल्य शिकता येते, हा प्रश्न आहेच. मुदतीच्या कराराची मुदत संपली म्हणून ज्याचे काम जाते, तो कपातीच्या व्याख्येतच येत नाही, म्हणजे आजचा बदली कामगार पुन्हा बाहेर. तरीही निधी आहे, तर त्यात भर घालता येईल. रक्कम निदान तीन महिन्यांच्या वेतनाइतकी करावी, प्रशिक्षणाचा हक्क त्याच घरातल्या दुसऱ्या प्रौढ व्यक्तीला वापरता यावा आणि अर्जात तिने आजवर घरात आणि घराबाहेर केलेल्या कामासाठी एक रकाना असावा. त्या रकान्यातली नोंद अनुभव म्हणून धरली जाईल, एवढे राज्य सरकारने स्वतःच्या भरतीत आणि स्वतःच्या प्रशिक्षण केंद्रांत आधी करून दाखवावे.