आदळली होती का?

रस्त्याला शिव्या देण्यात मी पटाईत आहे. पुढचे टायर वेळेआधी खाल्ले गेले की माझं बोट आपसूक खड्ड्याकडे वळतं. म्हसावद-शहादा ये-जा करणाऱ्याच्या तोंडी ते शोभूनही दिसतं. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, पावसाळ्यानंतर उखडलेल्या डांबराच्या कडा, प्रत्येक गावाच्या मर्जीनुसार उंचीचे गतिरोधक. ऐकणारा मान डोलावतो आणि विषय संपतो. पण त्याच रस्त्यानं रोज जाणाऱ्या माझ्या शेजाऱ्याचे टायर का टिकतात? हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. मी तरी स्वतःला कुठे विचारला?

पुढच्या टायरची झीज पाहून बरंच कळतं. दोन्ही कडा झिजून मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी, मधलाच पट्टा गेला असेल तर हवा जास्त. एवढं पंक्चरवाल्याकडचा पोरगाही सांगतो. टायरवर जागोजागी खळगे पडले असतील आणि वेग घेतल्यावर चाकातून घुंघुं आवाज येत असेल तर शॉकअप बसलेत, नाहीतर बॅलन्सिंग बिघडलंय. माझ्या गाडीचं दुखणं निराळं होतं. समोरून बघावं तर नक्षी ठळक, टायर अजून वर्षभर चालेल असं. आतली कड मात्र गुळगुळीत झालेली आणि एके ठिकाणी तार डोकावत होती. ती बघायची तर स्टिअरिंग पूर्ण वळवून खाली वाकावं लागतं. मी गाडी पुसतो ती चारचौघांना दिसते तेवढीच.

गॅरेजात मिस्त्रीनं आधी डोळ्यांनी काहीच पाहिलं नाही. टायरवरून तळहात आडवा फिरवला, आतून बाहेर, मग बाहेरून आत. मलाही फिरवायला लावला. एका दिशेनं हात सरकन जातो, उलट्या दिशेनं रबराच्या धारा बोटांना टोचतात. ‘टो आउट आहे,’ तो म्हणाला. म्हणजे चाकांची तोंडं पुढून किंचित फाकलेली. किंचित म्हणजे किती? नंतर मी हिशेब करून पाहिला. चाक जाण्याच्या दिशेपासून पाव अंशानं जरी तिरकं असलं, तरी किलोमीटरमागे ते चार मीटरांहून जास्त आडवं घासत जातं. गाडी सरळ चाललीय असं वाटत असताना रबर रोज असं खरवडलं जात होतं.

मग त्यानं जॅक लावला. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवलं. तिथे खटखट आली तर टाय रॉडचा एंड गेलेला असतो. वर-खाली धरून हलवलं; तिथे बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग. दोन्हीकडे ठीक होतं. शेवटी पहार घालून चाकाला गाडीशी जोडणारा लोअर आर्म दाबला, तसा त्याच्या सांध्यातला रबरी बुश फाटका असल्याचं दिसलं. हात पुसत त्यानं विचारलं, ‘भाऊ, गाडी कुठे आदळली होती का?’

‘नाही,’ मी म्हणालो.

आदळली होती, एका खड्ड्यात. तोरणमाळहून घाट उतरताना, अंधार पडल्यावर, पुढच्या जीपला ओलांडायच्या नादात. पाहुणे सोबत होते आणि त्यांनी नुकतीच माझ्या गाडी चालवण्याची तारीफ केली होती. बायको म्हणाली, ‘हळू.’ ती म्हणाली म्हणूनच मी वेग कमी केला नाही, हेही इथे लिहायला हवं. कसली घाई होती? घरी कुणी खोळंबलेलं नव्हतं.

त्याहून कोड्यात टाकतं ते ‘नाही’. मिस्त्री काही मला दंड करणार नव्हता. दुरुस्तीचे पैसे कसेही माझेच जाणार होते. मग खोटं कुणासाठी? ‘गाडी जपून वापरतात’ अशी माझी गावात ख्याती आहे. ती एका गॅरेजात, ग्रीसनं माखलेल्या माणसासमोरही मला सोडवत नव्हती? की त्याच्यासमोर तर मुळीच सोडवत नव्हती?

तो प्रश्न त्यानं सहज विचारला नव्हता. अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन यांनी १९४० च्या दशकात आखलेली स्ट्रटची रचना आज बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना असते. तिच्यात टो सहज जुळवता येतो. पण चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, बऱ्याच गाड्यांत जुळवताच येत नाही. तो बिघडला असेल तर काहीतरी वाकलेलं असतं. आदळली म्हटलं असतं तर त्यानं वाक शोधला असता. मी नाही म्हटलं आणि तो बुशवर थांबला. अर्धं निदान माझ्या खिशात होतं, ते मी काढलंच नाही.

‘आधी बुश बदला, मग अलाइनमेंट करा,’ एवढं तरी त्यानं बजावलं होतं. मी नवे टायर घातले आणि शहाद्याला जाऊन नुसतं अलाइनमेंट करून घेतलं. यंत्रावरून कागद निघाला, टोचे आकडे हिरव्यात. कॅम्बरच्या ओळीकडे मी नीट पाहिलं नाही. टोचे ते आकडेही उभ्या गाडीचे. बुश फाटका असला की ब्रेक दाबताच आर्म मागे सरकतो, चाक पुन्हा फाकतं, आणि हे त्या कागदाला कळत नाही. मला कळत होतं. तरी तो कागद मी दोघाचौघांना दाखवला.

इथवरचं नुकसान माझं एकट्याचं होतं. जुने टायर मी एका व्हॅनवाल्याला विकले. बाजारच्या दिवशी तो माणसं भरून डोंगराकडच्या पाड्यांवर सोडतो, हे मला ठाऊक होतं. टायर मी ओट्यावर ठेवले ते आतली कड खाली करून. ठरवून ठेवले का? ‘सहजच’ म्हणायचा मोह आत्ताही होतो. कायद्यानं मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. आतल्या कडेला नक्षीच उरली नव्हती. मी मनाशी म्हटलं, तो ड्रायव्हर माणूस आहे, बघून घेईल. खाली वाकायची जबाबदारी मी त्याच्यावर टाकली, मी स्वतः कधी वाकलो नव्हतो तरी.

पुढे राहवेना म्हणून पैसे घेऊन त्याच्याकडे गेलो. तो हसला. म्हणाला, ‘तार मी तेव्हाच पाहिली होती. नवे घ्यायला पैसे कुठे होते?’ क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, त्याला माहीत होतं तर! मग आणखी वाईट वाटलं. मी आंधळेपणाची किंमत वसूल केली असं समजत होतो; वसूल केली होती ती त्याच्या अडचणीची. यातलं कमी वाईट कोणतं, मला अजून नीट सांगता येत नाही. टायर मात्र मी परत आणले.

नंतर मिस्त्रीला खरं सांगितलं. त्यानं आर्म काढून नव्याशेजारी ठेवला. वाक उघड दिसत होता. तो काही बोलला नाही. आर्म आणि बुश बदलले, त्यानंतर अलाइनमेंट केलं. रस्त्याबद्दलची माझी तक्रार यानं खोटी ठरत नाही. खड्डा होताच, आणि तो बुजवायलाच हवा. फक्त आता तक्रार करताना खड्ड्यासोबत माझा वेगही सांगावा लागतो, आणि मग ऐकणारा पूर्वीसारखी मान डोलावत नाही.

तुमच्याकडे गाडी असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून एकदा हात फिरवा. मिस्त्रीनं आदळली का विचारलं तर कुठे आणि किती वेगात, ते सांगा. आणि तार दिसू लागलेला टायर कितीही पैसे येत असले तरी विकू नका. बाजूला आरीनं चिरा मारून मगच भंगारात द्या.