करीराचे प्रारब्ध

भर्तृहरीच्या नीतिशतकात करीर नावाच्या झुडपाचा दाखला आहे. वसंतातही पान न फुटणारे झुडूप म्हणून तो तेथे घुबड आणि चातक यांच्या पंक्तीला बसविला आहे, आणि तिघांचाही निवाडा कपाळीच्या लेखावर सोपविला आहे. पाठशाळेत आम्ही तो श्लोक घोकला, आणि पुढे चाळीस वर्षे कीर्तनात प्रारब्धाचे निरूपण निघाले की करीर ठरलेलाच. प्रत्यक्ष मात्र तो कधी पाहिला नव्हता. आपल्याकडे कोरड्या माळावर ज्याला नेपती म्हणतात तोच हा, हेदेखील फार उशिरा कळले. आम्हां पोथीवाल्यांचे असे होते खरे!

२०१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातील एका गावी आमचे कीर्तन झाले. सकाळी निघताना एक शेतकरी पाया पडून म्हणाला, "म्हाराज, माझी मोसंबीची बाग वाळली. ते बी कपाळातलंच का?" आम्ही 'होय बाबा' म्हणालो, त्याला बुक्का लावला आणि गाडीत बसलो.

पुढे २०१८ च्या चैत्रात मारवाडात जाणे झाले. जोधपूरहून जैसलमेरकडे जाताना रेताड जमिनीत हिरव्या काड्यांचे जंजाळ जागोजागी दिसे. पान नाही, काटे मात्र जोडीजोडीने; आणि अंगभर विटकरी लाल फुले! सोबतचे गृहस्थ म्हणाले, हा आमचा केर. म्हणजे करीरच की! आम्ही गाडी थांबवून उतरलो. वसंताने याला काही दिले नाही, असे आम्ही इतकी वर्षे सांगत आलो, आणि हा तर फुलांनी लगडलेला. शोधायला गेलो पाने, म्हणून फुले कधी ध्यानातच आली नाहीत.

त्याच्या निष्पर्णतेतही युक्ती आहे. झाडाच्या पानांना बारीक रंध्रे असतात व त्यांतून पाण्याची वाफ होऊन जाते. त्या वाळवंटात मोठ्या पानांचा थाट परवडायचा नाही. म्हणून कोवळ्या फुटव्यावर इवलीशी पाने येतात, ती केर लौकरच गाळून टाकतो. पानाचे काम हिरव्या काड्या करतात. सूर्यप्रकाशावर अन्न शिजविणारे हरितद्रव्य त्यांच्या सालीतच असते. मुळे खोल जातात, आणि मुळांवरूनच नवे कोंभही फुटतात. त्याची हिरवी फळे कडू असतात. बायका ती मिठाच्या पाण्यात किंवा ताकात काही दिवस मुरवतात, मग वाळवून वर्षभर ठेवतात. खेजडीच्या शेंगांबरोबर केलेली ती भाजी आम्ही बाजरीच्या भाकरीशी जेवलो. आंबटसर, तिखट, झकास!

मग ज्याला आम्ही करंटा म्हणत आलो, त्याचे ते करंटेपण की शहाणपण? उणीव दिसली की प्रारब्धाकडे बोट दाखविणे सोपे असते; ती उणीव कशाने आली हे विचारायला खाली वाकावे लागते. कवीला दोष कशाला द्यावा? त्याला दृष्टांत हवा होता. आम्ही मात्र तो जिवंत माणसाच्या कपाळावर ठोकून आलो होतो.

परत आल्यावर मुद्दाम त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. केराची सगळी हकीकत सांगितली. वाटले, याला धीर येईल. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हाराज, त्या झाडानं पानं आपल्या आपण टाकली. माझी बाग म्या टाकली नव्हती. वरल्या अंगाला पाणी अडलं, ते काय सटवाईनं लिहिलं व्हतं?"

आम्ही गप्प बसलो. त्याच्या घरच्या माउलीने चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

तेव्हापासून तो श्लोक आम्ही कीर्तनात घेतलेला नाही. घेऊ, तेव्हा त्या शेतकऱ्याला समोर बसवूनच घेऊ.