घटका कोणाच्या मापाने मोजावी?

न्यायशास्त्राला हात घालणाऱ्या विद्यार्थ्याला आरंभीच अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहातले काळाचे लक्षण पाठ करावे लागते. नऊ द्रव्यांपैकी काळ हे एक द्रव्य. तो एक आहे, विभु आहे, नित्य आहे. मग काल, आज, उद्या, घटका, प्रहर हे भेद आले कोठून? तर उपाधीने आले. सूर्याच्या गतीसारख्या बाहेरच्या खुणांनी आले. आकाश एकच असून आपण घटाकाश, मठाकाश म्हणतो, तसेच हे. पातंजल योगसूत्रांवरचे व्यासभाष्य याच्याही पुढे जाते. ते म्हणते, खरा आहे तो क्षण. दोन क्षण कधी एकत्र नांदत नाहीत; मुहूर्त, अहोरात्र ही लांबी बुद्धीने क्षण गोळा करून रचलेली आहे. आता रचणारी बुद्धी जर ज्याची त्याची निराळी, तर काळाची लांबीही ज्याची त्याची निराळी ठरणार, हे उघड आहे.

मायबापहो, शास्त्राची ही भाषा जड वाटत असेल तर भागवताकडे वळू. दशम स्कंधातली ब्रह्मदेवाच्या मोहाची कथा आपण काल्याच्या कीर्तनात कितीदा ऐकली आहे! यमुनेच्या वाळवंटात गोपाळांची पंगत बसलेली. ब्रह्मदेवाने वासरे पळविली. देव ती शोधायला गेले, तेवढ्यात गोपाळही पळविले. मग देवच तितकी वासरे झाले, तितके गोपाळ झाले, त्यांच्या काठ्या, शिंगे, शिंकी झाले, आणि एक वर्ष गोकुळात तसेच वावरले. ब्रह्मदेव परत आला तेव्हा त्याच्या स्वतःच्या मानाने किती वेळ झाला होता? एक त्रुटी! तृतीय स्कंधातल्या कोष्टकाप्रमाणे अशा ९०० त्रुटी मिळून एक निमिष होते. आणि ती मुले? त्यांना वाटले अर्धा क्षण गेला. “लवकर आलास की रे कान्हा, तुझ्यावाचून आम्ही एक घासही खाल्ला नाही,” असंच ती म्हणाली. गोकुळातल्या आयांचे मात्र पुरते वर्ष गेले होते, आणि त्या वर्षात लेकरांवरची माया दिवसेंदिवस वाढतच गेली होती. बलरामदादांनाही शंका आली ती वर्षाला पाचसहा रात्री उरल्या तेव्हा.

घटना एक, अवधी तीन. आणि तिघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही.

इथे जरा आडवळण घेतो. नवम स्कंधात राजा ककुद्मी आपल्या रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी वर विचारायला जातो. तिथे गायन चाललेले असते म्हणून क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात भूलोकी २७ चतुर्युगे लोटतात. ही कथा सांगून काही कीर्तनकार मंडळी ठणकावतात की, आइनस्टाइनने १९०५ साली मांडले ते आमच्या पुराणात आधीच होते. टाळ्याही पडतात. मला हे पटत नाही. १९७१ साली हाफेले आणि कीटिंग या दोघा शास्त्रज्ञांनी अणुघड्याळे विमानातून पृथ्वीभोवती फिरवून आणली व जमिनीवरच्या घड्याळांशी ताडून पाहिली. फरक निघाला, पण सेकंदाच्या कोट्यंशाच्या आसपासचा. विमानात बसलेल्याला तो काय कळणार! तो घड्याळाचा विषय आहे, गणिताचा आहे, आणि त्या जागी थोर आहे. भागवत विचारते ते निराळेच: पाहणारा कशात गुंतला आहे? याची टोपी त्याच्या डोक्यावर घालून दोघांचाही मान वाढत नाही.

गोपींचेच पाहा ना. कृष्ण दिवसा रानात गेला, दिसेनासा झाला, की त्यांना एक त्रुटी युगासारखी होते. जी त्रुटी ब्रह्मदेवाला आपले वर्ष गिळून पुरते, तीच गोपीला युगाएवढी. आणि संध्याकाळी तो दिसतो तेव्हा पापणी लवण्याइतका वेळही सोसत नाही. पापण्या घडविणाऱ्यालाच त्या मूर्ख ठरवतात. तो घडविणारा म्हणजे पुन्हा ब्रह्मदेवच!

आता खरी अडचण पुढे आहे. हे सगळे ऐकून एखादा शहाणा म्हणतो, “मग काय, काळ हा मनाचा खेळ. ज्याला रात्र मोठी वाटते त्याने मन आवरावं.” असे बोलणे फार सोपे, आणि ते बहुधा निरोगी माणूसच बोलतो. तापाने तळमळणारी म्हातारी आई रात्री हाक मारते, “बाबा, पाणी दे रे.” मुलगा “आलोच” म्हणतो आणि घड्याळाच्या पाच मिनिटांत येतोही. त्याच्या हिशेबाने उशीर झालेला नाही. तिच्या हिशेबाने अर्धी रात्र गेली. त्याला वेदान्त ठाऊक असेल तर तो तिला समजावीलही की ही लांबी तुझ्या बुद्धीने रचली. शास्त्रवचन म्हणून ते बरोबरच आहे. पण लांबी तिची रचलेली, तशी ती पाच मिनिटेही त्याने मोजलेलीच ना? मग मोजमाप त्याचे का धरायचे? ज्याला थांबावे लागते त्याचे माप धरावे, असे माझे मत आहे.

पुंडलिकाने नेमके हेच केले. मायबापांची सेवा चालू असता प्रत्यक्ष परब्रह्म दारात आले, तर त्याने वीट सारली आणि थांबायला सांगितले. मी जरा उठलो तर देवाला वेळ वाचेल, पण इथे पाय चेपून घेणाऱ्या म्हाताऱ्या जिवाला ती ‘जरा’ किती लांब होईल, हे त्याने पाहिले. देव तर गीतेच्या अकराव्या अध्यायात स्वतःला काळच म्हणवितो. काळाला काळ कसा जाचणार? तरी आपण भक्त अठ्ठावीस युगे मोजतो. पूजेच्या संकल्पातही अठ्ठाविसावे युगच उच्चारतो. ही मोजणी देवाची नव्हे. उभ्या राहिलेल्याचे पाय दुखत असतील, असे वाटणाऱ्या भक्ताची आहे.

दिवे घाट चढताना तरण्या टाळकऱ्याचा एक अभंग होतो न होतो तोच वळण सरते. मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हातारीला तेच वळण अर्ध्या दिवसाचे असते. मग विसावा किती घटका, हे पुढे पोचलेल्याने ठरवायचे की मागून येणारीने? आमच्या दिंडीतली जुनी माणसे, शेवटची म्हातारी येऊन टेकली, पाणी प्याली आणि पदराने तोंड पुसून उठली म्हणजेच टाळ उचलीत.