सत्तर हजारांचं धान्य

युद्धात लोकांना उपाशी ठेवतात म्हणजे नेमकं काय करतात? नाक्यावर अडवलेले ट्रक, जाळलेली गोदामं, एवढंच मला आधी सुचायचं. श्रीलंकेतल्या यादवी युद्धाच्या शेवटच्या महिन्यांबद्दल वाचायला लागलो आणि कळलं, की हे काम माणसं कमी मोजूनही होतं.

सप्टेंबर २००८मध्ये कोलंबोतल्या सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांना उत्तरेतला वन्नी भाग सोडायला सांगितलं. कारण दिलं, की तुमच्या सुरक्षिततेची हमी देता येत नाही. रेड क्रॉस राहिली. फेब्रुवारी २००९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने आत अडीच लाख लोक होते, सरकार मात्र सत्तर हजारांच्या आसपास सांगत होतं. अन्न आणि औषधं किती जाऊ द्यायची, हे सरकारी आकड्यावर ठरायचं. मे महिन्यात युद्ध संपलं तेव्हा काटेरी तारांमागच्या छावण्यांत पावणेतीन लाखांहून जास्त माणसं जमली होती.

या सगळ्यात मला एक सरकारी अधिकारी विसरता येत नाही. तो युद्धक्षेत्रातच नेमणुकीवर होता. आपल्या अहवालात त्याने ३,३०,००० लोक असल्याचं कळवलं. वरून उत्तर आलं: आकडा निराधार आहे, पुन्हा अशी माहिती दिलीत तर शिस्तभंगाची कारवाई होईल. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या २०११च्या अहवालात हे नोंदलेलं आहे. सरकारने आकडे जाणूनबुजून कमी ठेवले, असं समितीचं म्हणणं. (श्रीलंका सरकारने तो अहवाल फेटाळला.)

आता सरकारची बाजू. ती पोकळ नव्हती. लिट्टेने लोकांना ढाल म्हणून अडकवून ठेवलं होतं, पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. त्याच अहवालात हेही आहे. आत गेलेल्या धान्यातलं काही बंदूकवाल्यांच्या ताटात पडणार, हेही खरंच. पण सरकार या मोहिमेला ओलिसांची सुटका म्हणत होतं. सुटका करणाऱ्याने ओलीस किती हे कमी करून का सांगावं? ते सगळे श्रीलंकेचे नागरिक होते. लिट्टेच्या ताब्यातला नागरिक सरकारच्या जबाबदारीतून सुटतो, असं मानलं तर ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याच्यापाशीच जबाबदारी संपते.

अडचण अशी, की आत मदत न्यायला त्या देशाच्या सरकारची संमती लागते. कायदा म्हणतो, मनमानी करून संमती नाकारू नका. पण मनमानी कोणती हे ठरेपर्यंत माणसं थांबत नाहीत. संमतीशिवाय मदत टाकायचा प्रयोग आपण याच देशात केला आहे. १९८७मध्ये भारताने मदत घेऊन पाठवलेल्या होड्या श्रीलंकेच्या नौदलाने परतवल्या, तेव्हा ४ जूनला हवाई दलाच्या विमानांनी जाफनावर सुमारे २५ टन सामान टाकलं. कोलंबोने याला सार्वभौमत्वाचा भंग म्हटलं. मला विचाराल तर ते सामान भुकेपेक्षा कोलंबोला निरोप म्हणून जास्त उपयोगी होतं. तरीही ज्याच्या अंगणात पोतं पडलं त्याला हेतूशी काय करायचं होतं?

संयुक्त राष्ट्रांनीही २००९मध्ये मृतांचे आकडे हाताशी असून उघडपणे मांडले नाहीत. मांडले तर होती ती परवानगीही जाईल, ही भीती. २०१२मध्ये त्यांच्याच अंतर्गत चौकशीने हे अपयश मान्य केलं. म्हणजे संमती देणारं सरकार धान्यासोबत बोलण्यावरही ताबा ठेवतं, आणि मदत करणारे तो सौदा मान्य करतात. त्यांच्या जागी मी काय केलं असतं? बोललो असतो, असं म्हणायला जीभ रेटत नाही. ३,३०,००० लिहून पाठवणारा तो अधिकारी तर सरकारचाच नोकर होता, आणि तोफांच्या टप्प्यात बसून लिहीत होता.