प्रतिवाद कशाचा होतो?

'प्रतिवाद' हा शब्द आपण बायका वाचतो पुष्कळ, बोलतो क्वचित. वर्तमानपत्रात पुढारी आरोपांचा प्रतिवाद करतात, कोर्टाच्या कागदात वादी-प्रतिवादी असतात. घरात मात्र त्या जागी दुसरेच शब्द ठरलेले आहेत. सून काही बोलली की 'उलटून बोलली', मुलगी बोलली की 'तोंड वर करून बोलली', बहीण बोलली की 'भांडायला आली'. शब्दानं काय एवढं बिघडतं, असं कुणी विचारील. मला वाटतं, इथं शब्द चुकला की माणसावर अन्याय होतो.

आधी शब्द वाक्यात घालून बघू. मुद्द्याचा प्रतिवाद, आरोपाचा प्रतिवाद, म्हणण्याचा प्रतिवाद. 'तिनं सासूबाईंचा प्रतिवाद केला' हे वाक्य कानाला खटकतं. 'सासूबाईंच्या म्हणण्याचा प्रतिवाद केला' हे नीट बसतं. म्हणजे प्रतिवाद म्हणण्याचा होतो, माणसाचा होत नाही. त्यासाठी समोर कुणाचं तरी म्हणणं पाहिजे, ते आपण पुरतं ऐकलेलं पाहिजे, आणि आपल्याजवळ कारण पाहिजे. 'मी नाही करणार जा' हा नकार झाला. 'तुमच्या माहेरी तरी कुठं पाळतात?' हा टोमणा. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत बसणं, याला न्यायशास्त्रात वितंडा म्हणतात. आपला 'वितंडवाद' तिथलाच.

आता स्वयंपाकघरात या. आपल्याकडे पुष्कळ घरांत बटाटा, कांदा, गाजर चालत नाही. कंदमुळात अनंत जीव. मग नात विचारते, "आजी, आलं पण कंदच की. मग सुंठ कशी चालते? हळद कशी चालते?" हा अस्सल प्रतिवाद आहे. तिनं नियम ऐकलाय, त्याचं कारण धरलंय आणि ते कारण कुठं अडतं ते दाखवलंय. इथं "जास्त शहाणपणा नको" म्हटलं तर पोर गप्प बसेल, पण तिचा प्रश्न गप्प बसणार नाही. जाणती आजी सांगते, "ओल्या आल्याला कोंब फुटतो बाळ, सुंठेला फुटत नाही. वाळलं की त्यातला जीव संपला. आणि सुंठ चिमूटभर लागते, औषधासारखी. बटाटा वाटीभर खातात, जिभेसाठी." नातीला हे पटेल किंवा पुढं आणखी एक प्रश्न येईल. दोन्ही बरंच आहे. विचारल्यावर कारण कळलं, तर नियम पुढच्या पिढीत टिकण्याची आशा.

शास्त्रकारांनी तर समोर कुणी नसतानाही प्रतिवादाला जागा ठेवली. आचार्य पूज्यपादांनी तत्त्वार्थसूत्रावर 'सर्वार्थसिद्धि' ही टीका लिहिली. त्यात सल्लेखनेचा विषय आला तेव्हा ही आत्महत्या होत नाही का, ही शंका त्यांनी स्वतःच उभी केली आणि मग उत्तर दिलं. आत्महत्येमागं राग, द्वेष, मोह असतो, सल्लेखनेत तो नसतो, असं त्यांचं म्हणणं. व्यापाऱ्याचा दाखलाही दिला. त्याच्या घरावर संकट आलं तर तो आधी घर वाचवू बघतो, ते साधत नसेल तर आतला मौल्यवान माल तरी वाचवतो. पुढं २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं संथाऱ्याला आत्महत्येच्या कलमात बसवलं आणि गावोगावी आपले लोक मूक मोर्चे घेऊन निघाले. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. मोर्चा हा निषेध होता, कोर्टात वकिलांनी मांडलं तो प्रतिवाद. दोन्हींची गरज असेल, पण दोन्ही एक नव्हेत. निषेधाला संख्या लागते. प्रतिवादाला कारण लागतं, आणि ते कारण पूज्यपादांनी कितीतरी शतकं आधी लिहून ठेवलेलं होतं.

हे सगळं मी सांगते आहे ते हक्कसोडपत्रासाठी. बेळगावकडं काय आणि दुसरीकडं काय, वडील गेल्यावर बहिणीपुढं हा कागद येतोच. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. तरी बहिणीनं विचारायचं म्हटलं की तिचा घसा सुकतो. समजा ती म्हणाली, "अण्णा, माझ्या लग्नात खर्च झाला, म्हणून मला हिस्सा नको, असं तुझं म्हणणं आहे ना? पण खर्च तुझ्या लग्नातही झाला की." यात शिवी नाही, आवाज नाही, माहेर तोडणं नाही. भावाचं म्हणणं तिनं आधी सांगितलंय, मगच आपलं मांडलंय. भावालाही प्रतिवाद करता येईल, "आई-आप्पांचं आजारपण आम्ही काढलं, अक्का." हेही वजनदार कारण आहे, त्याचाही विचार व्हावा. इतकं बोलून झाल्यावर ती कदाचित सहीही करील. पण मग ती सही लाजेपोटी केलेली नसेल.

आता 'बहीण भांडायला आली' असं जर आधीच ठरवलं, तर तिच्या कारणाकडं बघायची गरजच उरत नाही. चुकीच्या शब्दाचा हा फायदा असतो, आणि तो नेहमी घरातल्या बळकट माणसालाच होतो. अनेकांत आपण पर्युषणात ऐकतो, वस्तूला अनेक बाजू असतात म्हणतो. त्यातली एक बाजू बहिणीच्या तोंडून आली, तर तीही बाजूच.

म्हणून मुलींना हा शब्द वापरायला शिकवू या. 'मला बोलायचंय' म्हणण्यापेक्षा 'तुमच्या या म्हणण्याचा मला प्रतिवाद करायचाय' असं एखादी म्हणाली, तर सुरुवातीला घरात हसतील. हसू देत. पण त्या वाक्यानंतर तिला कारण द्यावं लागेल, आणि घरच्यांना ते ऐकून घ्यावं लागेल.