मुद्रा आणि लेबल

काही वर्षांपूर्वी अंबरनाथ पूर्वेतील एका वयोवृद्ध शाहिरांच्या घरी त्यांची गाण्यांची वही पाहण्याचा योग आला. कारखान्यातील नोकरी सांभाळून तीस-पस्तीस वर्षे त्यांनी भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला, वस्तीतल्या नामकरणापासून पुण्यानुमोदनापर्यंतच्या कार्यक्रमांना गाणी लिहिली आणि गायिली. वहीतील प्रत्येक गीताच्या शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव गुंफलेले होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील एका लहानशा कंपनीने त्यांतील आठ गाण्यांची कॅसेट काढली. एकरकमी मानधन, एका छापील कागदावर सही आणि पंचवीस कॅसेटी भेट, असा तो व्यवहार. वेष्टनावर छायाचित्र होते ते तेव्हा चलती असलेल्या दुसऱ्याच गायकाचे. याबद्दल शाहिरांची तक्रार नव्हती. पैसे कमी मिळाले, याबद्दलही नव्हती. तक्रार एवढीच होती, की फितीच्या एका बाजूच्या अर्ध्या तासात गाणी बसेनात, म्हणून पाच गाण्यांची शेवटची कडवी गाळली गेली. “कडवं गेलं त्याचं काही नाही हो,” ते म्हणाले, “पण नेमकं नावाचंच गेलं.”

ही तक्रार नैतिक स्वरूपाची आहे, की ती केवळ कवीच्या अहंतेची आहे, असा प्रश्न मला तेव्हा पडला. ध्वनिमुद्रण व्यवसायाविषयी आपल्याकडे जी थोडीफार चर्चा झाली, ती बहुधा ‘मोठी कंपनी’ आणि ‘लहान कंपनी’ या द्वंद्वाच्या चौकटीत झाली. मोठी ती मक्तेदार, अभिरुचीची पहारेकरी. लहान ती स्वतंत्र, लोकाभिमुख. शाहिरांची तक्रार या चौकटीत कोठेच बसत नाही. त्यांच्यावर अन्याय केला तो लहान कंपनीने, आणि तोही त्यांना दार उघडून दिल्यानंतर.

मोठ्या कंपनीचा पूर्वेतिहास थोडा पाहू. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग याने कलकत्त्यात ध्वनिमुद्रणे केली. त्यांत गौहर जानचा आवाज होता. गाणे संपताच गौहर जान इंग्रजीत आपले नाव उच्चारते, हे त्या तबकड्या ऐकलेल्यांना ठाऊक आहे. पुष्कळांनी यात कलावतीचा ठसका पाहिला आहे. तो असेलही, पण त्यामागील कारण व्यावहारिक होते. मेणावरचे ते ठसे जर्मनीत हॅनोव्हरला जात. तबकडी कोणाची, हे तेथील कामगाराला कळावे आणि तिच्या मध्यावरील गोल कागदावर योग्य नाव छापले जावे, यासाठी ही घोषणा असे. तो गोल कागद म्हणजे लेबल. पुढे या शब्दाचा अर्थ पालटला आणि ‘लेबल’ म्हणजे कंपनी असे रूढ झाले. ज्या कागदावर गाणाऱ्याचे नाव लिहायचे, तो कागदच मालकाचे नाव बनला, ही घटना भाषिक असली तरी केवळ भाषिक नाही.

ग्रामोफोन कंपनीने मराठी गाण्याला पुष्कळ दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. भावगीताचा विस्तार तबकडी आणि आकाशवाणी यांच्याशिवाय कल्पिता येत नाही. जी. एन. जोशी हे स्वतः भावगीतगायक. ते या कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे आठवणींचे पुस्तक त्यांनी लिहिले. कंपनीचा अधिकारी हाही एक प्रकारचा समीक्षकच असतो, हे असे पुस्तक वाचताना जाणवत राहते. कोणाचा आवाज जतन करायचा आणि तासाभराचा राग सुमारे तीन मिनिटांत कसा मावायचा, हे निर्णय मूल्यनिर्णय असतात. फक्त ते लेखातून नव्हे, तबकडीतून प्रकट होतात. या निर्णयांना एक सामाजिक कक्षा होती. कोळीगीत तबकडीवर आले, ते अनेकदा शांता शेळके यांच्या लेखणीतून, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतून, लता मंगेशकरांच्या कंठातून. ती गीते सुंदरच आहेत. परंतु ठाणे-कुलाब्याच्या खाड्यांवर आणि अंबरनाथ-बदलापूरच्या आगरी पाड्यांत हळदीच्या रात्री गाणाऱ्या बायांना त्या कक्षेत जागा नव्हती. मोठ्या कंपनीचा अन्याय नकाराचा होता. ज्यांना तिने आत घेतले, त्यांचे नाव मात्र बहुधा नीट छापले.

ध्वनिफितीने ही कक्षा मोडली. १९८०च्या दशकात यंत्र स्वस्त झाले, कोरी फीत स्वस्त झाली आणि लहानशा भांडवलावर कंपनी काढता येऊ लागली. पीटर मॅन्युएल यांचा ‘कॅसेट कल्चर’ हा ग्रंथ १९९३ मध्ये आला. उत्तर भारतातील या स्थित्यंतराला त्यांनी संगीतव्यवहाराचे लोकशाहीकरण म्हटले, आणि ते पुष्कळ अंशी खरे आहे. महाराष्ट्रातही भीमगीते, आगरी-कोळी गीते, कव्वालीचे मुकाबले, गणपती-विठ्ठलाची गाणी हे सारे चौकाचौकात वाजू लागले. प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा गायक विठ्ठलभक्ती, भीमगीत आणि कव्वाली या तिन्ही दालनांत एकाच सच्चेपणाने वावरला. त्याचा आवाज खेडोपाडी पोहोचला, त्यात ध्वनिफितीचा वाटा मोठा आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ महाशिवरात्रीची जत्रा भरते. त्या काळी तेथे कॅसेटींच्या हातगाड्यांवर जी गाणी ऐकू येत, ती आकाशवाणीने क्वचितच लावली असती. (या मंदिराच्या शिलालेखात शके ९८२ हे वर्ष आहे आणि शिलाहार राजा मुम्मुणीचे नाव मंदिराशी कायमचे जोडले गेले आहे. आश्रयदाता नावाने उरतो, ही काही कंपन्यांनी लावलेली रीत नव्हे.)

येथवर मॅन्युएल यांच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते ‘स्वतंत्र’ या विशेषणाशी. कंपनी स्वतंत्र म्हणजे कोणापासून? दुसऱ्या, मोठ्या कंपनीपासून. गाणाऱ्याचे स्वातंत्र्य या शब्दात गृहीत धरलेले असते, पण अंतर्भूत नसते. शिवाय लहानपण ही अवस्था आहे, शील नव्हे. १९८३ मध्ये सुरू झालेल्या टी-सिरीजने जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजांतील आवृत्त्या स्वस्तात काढून ग्रामोफोन कंपनीला हैराण केले. त्यासाठी १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यातील, पुनर्ध्वनिमुद्रणाची मुभा देणाऱ्या तरतुदीचा तिने उपयोग केला. पुढे हीच कंपनी स्वतः देशातील सर्वांत बलाढ्य झाली आणि आपल्या हक्कांची कडेकोट राखण करू लागली. जुन्या कंपनीने २००० मध्ये ‘सारेगम’ हे नाव घेतले. खुर्च्या बदलल्या; गीतकाराने सही करायचा कागद बराच काळ तोच राहिला.

त्या कागदामागील कायदा पाहण्याजोगा आहे. भारतीय कायद्याच्या परिभाषेत ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ म्हणजे गायक नव्हे, कवी नव्हे, तर निर्माता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीताच्या हक्कांबाबत निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला. गाणाऱ्याला कायद्यात स्थानच नाही, ही उणीव त्याच निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी वेगळी नोंदवली. गायक-वादकांचे हक्क कायद्यात आले ते १९९४च्या दुरुस्तीने; गीतकार-संगीतकारांच्या मानधनातील वाटा करार करूनही हिरावता येऊ नये, अशी तरतूद व्हायला २०१२ उजाडले. आमच्या समीक्षेत मात्र याच दशकांत रोलाँ बार्थ यांच्या ‘लेखकाचा मृत्यू’ या सिद्धान्ताचे मोठे कौतुक चालले होते. त्या सिद्धान्ताचे वाङ्मयीन मोल मी कमी लेखत नाही. पण ज्यांची नावे पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर छापून आली होती, त्यांना लेखकाच्या मृत्यूची वार्ता निश्चिंतपणे देता येत होती. वस्तीतल्या शाहिराचा लेखक म्हणून अजून जन्मच व्हायचा होता, आणि कर्त्याची रिकामी खुर्ची कंपनीने केव्हाच बळकावली होती.

मग शाहिरांना मालकी हवी होती काय? येथे १९६०च्या दशकाच्या आरंभीचा एक वाद आठवतो. गाण्याची तबकडी विकली जाते तोवर त्यात गायकाचा वाटा असला पाहिजे, ही लता मंगेशकरांची भूमिका. गाण्याचे ठरलेले पैसे घेतले की गायकाचा हक्क संपला, ही महंमद रफींची. या मतभेदामुळे दोघांनी काही काळ एकत्र गाणे थांबवले. रफींची भूमिका भोळसट म्हणून सोडून देता येत नाही. दिलेल्या शब्दाची आणि पुऱ्या झालेल्या श्रमाची एक नीती तिच्यात आहे. पण दोन्ही भूमिकांत गाणे ही विकण्याची वस्तू आहे, आणि वाद आहे तो मोबदल्याचा. आमचे शाहीर तिसऱ्याच ठिकाणी उभे आहेत. त्यांची गाणी वर्षानुवर्षे इतर गायनपार्ट्या गात होत्या. त्याबद्दल त्यांनी कधी पैसा मागितला नाही. मागणे त्यांना कमीपणाचे वाटले असते. गाणे चळवळीला दिले होते.

ही देण्याची रीत जुनी आहे, आणि नाममुद्रा हा तिचा आधार आहे. ‘तुका म्हणे’, ‘चोखा म्हणे’ वा ‘नामयाची जनी’ ही मुद्रा मालकीचा दावा करीत नाही. अभंग कोणीही गावा, कोणत्याही चालीत गावा. फक्त शब्द कोणाच्या अनुभवाचा आहे, त्याची साक्ष मोडू नये. तुकोबांच्या अभंगांतील मुद्रा काढून सालोमालोने तेथे स्वतःची घातली, असे परंपरा सांगते, आणि तुकोबांनी त्याचा खरपूस समाचार घेतल्याचे गाथेत दिसते. ज्याने अभंग जगाला वाटून टाकले, त्याला ते गायले जाण्याचा राग येणे शक्य नव्हते. राग होता तो साक्ष बदलल्याचा. वामनदादा कर्डकांच्या गीतांतही ‘वामन’ अखेरीस येतो, तो याच परंपरेने. आणि जातीमुळे ज्यांचे नाव शतकानुशतके कोठेच लिहिले गेले नाही, अशा समाजातील कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव ठेवतो, तेव्हा त्याला अहंता म्हणणे हा मला समीक्षेचा कोडगेपणा वाटतो.

तेव्हा कंपनीने नेमके काय केले, हे आता सांगता येते. समाजाला दिलेले दान तिने मध्येच उचलले आणि आपल्या नावावर चढवले. देणाऱ्याने जे ज्याला दिलेच नव्हते, ते त्याने घेणे, हा चोरीचाच प्रकार आहे; सहीचा कागद त्याला कायदेशीर करतो, निर्दोष करीत नाही. मुद्रेचे कडवे गळणे हा अपघात म्हणावा, तर तो फितीच्या लांबीचा अपघात होता, हे खरे. कोणी दुष्टपणाने ते केले नाही. मुद्रा शेवटी येते आणि जागा अपुरी पडली की कात्री शेवटावर चालते, इतके ते साधे आहे. परंतु जी व्यवस्था नाव गीताच्या आत ठेवते आणि जी ते वेष्टनावर ठेवते, त्या दोहोंतील फरक अशा साध्या प्रसंगीच उघडा पडतो.

नकली कॅसेटींचे काय? शेजारच्या उल्हासनगरवरचा ‘यूएसए’चा जुना विनोद सर्वांना ठाऊक आहे. फाळणीत सर्वस्व गमावून लष्करी छावणीत आलेल्या लोकांनी हिकमतीने उभारलेल्या बाजाराची ती थट्टा आहे, आणि ती मला कधीच रुचली नाही. पण त्या विनोदातील तर्क ध्वनिफितीला लावून पाहण्याजोगा आहे. नक्कल करणारा गाणे स्वस्त करतो, अधिक घरांत पोहोचवतो. म्हणजे शाहिराच्या हेतूच्या तो कंपनीपेक्षा जवळ आहे, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो अपुरा आहे. नक्कल करणारा कापलेल्या कडव्याचीच नक्कल करतो.

आता फिती संपल्या आहेत. आगरी-कोळी गाणी म्हणणारी तरुण मुले स्वतःच्या वाहिन्या काढतात, स्वतःच चित्रीकरण करून गाणे यूट्यूबवर चढवतात, आणि याला पुन्हा ‘स्वतंत्र’ संगीत म्हटले जाते. त्यांचे स्वातंत्र्य शाहिरांच्या काळापेक्षा खरेच अधिक आहे. मात्र तेथेही एखाद्या कंपनीने जुन्या ध्वनिमुद्रणावर हक्क सांगितला, की यंत्र ती चाल ओळखते आणि गाणे उतरवले जाते वा त्याचे उत्पन्न कंपनीकडे वळते. गाणारा मूळ कवीचा नातू आहे की नाही, हे यंत्र विचारीत नाही.

त्या कॅसेटमधील एक गाणे आजही जयंतीच्या मिरवणुकीत वाजते. अलीकडची पोरे कापलेल्या आवृत्तीवरूनच ते शिकली आहेत आणि तिसऱ्या कडव्यावर थांबतात. गेल्या खेपेस गाडी शाहिरांच्या गल्लीसमोर आली, तेव्हा ते दारात खुर्ची टाकून बसले होते. पोरांचे तिसरे कडवे संपले आणि ढोलकी थांबली. चौथे त्यांनी बसल्या बसल्या एकट्याने म्हटले.